बोर्डावरचं माझं नाव

आमच्या कारखान्यात कायद्याचे सात बोर्ड आहेत आणि ते सातही मी कपाटावर ठेवले होते. जुन्या चादरीत गुंडाळून, वरून प्लास्टिक, त्यावर सुतळी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं हसू यायचं नाही.

कारखाना खोपोलीच्या अलीकडं, खालापूरच्या रस्त्याला. प्रेशर कुकरच्या रबरी रिंगा बनतात. साच्यातून निघालेल्या रिंगेच्या कडेला जास्तीचं रबर राहतं, ते कात्रीनं कापून टाकायचं काम बायका करतात. त्या खात्याला आम्ही फिनिशिंग म्हणतो. ऑफिसात मी एकटी. हजेरी, पगारपत्रक, पीएफ, बँक, कुरिअर, कोण आजारी, कोणाच्या घरी बारसं, सगळं माझ्या टेबलावर. दहिवलीहून स्कूटीवर येते, इतकी वर्षं झाली की गेटवरचं कुत्रंसुद्धा माझ्यावर भुंकत नाही. तोंडानं फटकळ आहे. मालकही मला जरा दबकूनच असतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू?

बोर्डांचं असं झालं. पनवेलचा एक कन्सल्टंट आमचे सरकारी कागद बघतो. त्यानं पाचेक वर्षांपूर्वी फोन केला, मॅडम, कारखान्यात दर्शनी जागी कायद्यांचे गोषवारे लावावे लागतात, मराठीत आणि इंग्रजीत, मी तयार सेट पाठवतो. आला सेट. एकात कारखान्याचे नियम, एकात किमान वेतन, एकात बाळंतपणाची रजा, असं करत सातवा बोर्ड कामाच्या जागी बायकांचा लैंगिक छळ होऊ नये म्हणून केलेल्या कायद्याचा. काचेच्या फ्रेमा, सोनेरी कडा. इतके देखणे की मी म्हटलं, अगं बाई, आपल्या कारखान्यात शोभायचे नाहीत हे.

आणि नाहीच शोभले. रबरात काजळी मिसळतात, ती हवेत उडते. वीस दिवसांत सोनेरी कडा काळ्या झाल्या. त्यात आपल्याकडचा पावसाळा! काचेच्या आत ओल शिरली आणि बाळंतपणाच्या रजेच्या कोपऱ्यात हिरवी बुरशी आली. माझा जीव तुटला. मी पडले टापटिपीची बाई. माझ्या घरी शोकेसमधले चांगले कप पाहुणा आल्याशिवाय खाली उतरत नाहीत, आणि सोफ्याचं प्लास्टिक मुलीचं लग्न ठरेपर्यंत काढायचं नाही असं मी ठरवूनच टाकलंय. तर मी काय केलं, बोर्ड उतरवले, पुसले, बुरशी खरवडली आणि गुंडाळून कपाटावर ठेवले. इन्स्पेक्शन आहे असा फोन आला की काढायचे, लावायचे. साहेब गेले की संध्याकाळी परत चादरीत.

पाच वर्षं हे चाललं. बोर्ड लागले की बायका एकमेकींना म्हणायच्या, "आज सायब येनार गं, एप्रन घाला." मालक एकदा म्हणाले, "मॅडम, तुमच्यामुळं बोर्ड अगदी नव्यासारखे राहिलेत." मी फुगून गेले. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं सुद्धा.

आता ज्या मुलीमुळं हे सगळं सांगतेय तिच्याकडं येते. मुलगी म्हणते, पण सव्वीस-सत्तावीसची बाई, लग्न झालेली. भिवपुरीच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याशी तिचं गाव. दहावी पास. फिनिशिंगमध्ये तिच्यासारखा हात कोणाचा नाही. रिंग हातात गरकन फिरते, कात्री एका जागी राहते आणि कापलेलं रबर अख्खं एका दोऱ्यात खाली पडतं, मध्ये कुठं तुटत नाही. बोलायला तर विचारू नका! दिवसभर खात्यातून हिचा आवाज. मला म्हणायची, "मॅडम, तुमी वरडता तवा तुमच्या चष्म्याला वाफ येती." दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी फाडून खाल्लं असतं.

श्रावणापासून ती गप्प झाली. मला दिसत होतं. पण मला वाटलं सासूचं काहीतरी असेल, नाहीतर नखरे. असं वाटून घ्यायला माझ्याकडं एक कारण होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. ते पुढं येईलच.

दिवाळीची सुट्टी संपून कारखाना उघडला त्याच आठवड्यात एका सकाळी ती कागद घेऊन आली. राजीनामा. कारण, घरगुती. अक्षर छान, ओळी सरळ.

मी चिडले. ऑर्डरी अंगावर आलेल्या, आणि सगळ्यात चांगला हात निघाला! म्हटलं, "घरगुती म्हणजे काय गं? नीट सांग की."

"घरगुतीच हाय."

"बरं बाई, घरगुती तर घरगुती. तो कागद ठेव तिथं. परवा इन्स्पेक्शन आहे, बोर्ड काढलेत, जाता जाता तेवढे पुसून दे."

बघा, राजीनामा द्यायला आलेल्या बाईच्या हातात मी फडकं दिलं. ही मी.

ती खाली बसून एकेक बोर्ड पुसत होती. मी हजेरीपत्रकात डोकं घालून होते. सहा बोर्ड झाले, भिंतीला लावून ठेवले. सातव्याला फडक्याचा आवाज थांबला. मी वर बघितलं नाही. मग ती म्हणाली, "मॅडम, ह्ये तुमचंच नाव हाय का?"

"कुठं?"

"हितं. अध्यक्ष म्हनून."

मला वाटलं काहीतरी चेष्टा आहे. उठले, चष्मा सारखा केला, वाकले. बोर्डाच्या खालच्या अर्ध्या भागात छापलेलं होतं, अंतर्गत तक्रार समिती. अध्यक्ष, आणि पुढं रिकामी रेघ. त्या रेघेवर काळ्या मार्करनं माझं नाव. माझ्याच अक्षरात. माझं अक्षर मला कळत नाही होय? 'श'ला मी वर जो फुगीर गोल काढते तोसुद्धा तसाच.

मग आठवलं. सेट आला त्या दिवशी कन्सल्टंट फोनवर म्हणाला होता, समितीच्या अध्यक्षपदी वरच्या जागेवरची बाई लागते, तुमच्या स्टाफमध्ये तुम्हीच एक, टाका तुमचं नाव. मी टाकलं. लाइट बिलावर ग्राहक क्रमांक टाकावा तसं टाकलं, आणि दुपारपर्यंत विसरले. वरचं एक अक्षर वाचलं नाही. पाच वर्षांत एकदाही नाही. सोनेरी कडा पुसल्या, काच पुसली, पण वाचलं नाही.

"आन् ह्यो खालचा?" ती म्हणाली.

खाली सदस्य म्हणून पहिलं नाव होतं आमच्या फिनिशिंगच्या सुपरवायझरचं.

तेही मीच लिहिलं होतं. त्या दिवशी तो शेजारी ड्रिल मशीन घेऊन भिंतीला भोकं पाडत उभा होता, मी म्हटलं, "अरे, एक सदस्य पाहिजे, तुझं टाकू का?" तो म्हणाला, "टाका की ताई." त्या खालचं नाव कन्सल्टंटच्या बायकोचं, बाहेरची सदस्य म्हणून. तिला मी आजतागायत पाहिलेली नाही.

आता ते कारण सांगते. दरवर्षी नारळी पौर्णिमेला आमच्याकडं फिनिशिंगच्या बायका सुपरवायझरला राखी बांधतात. कोणी सुरू केलं देव जाणे, पण माझ्या आधीपासूनचं आहे. तो सगळ्यांना पेढे देतो, मीही बांधते, त्या नात्यानं मला ताई म्हणतो. त्याची बायको माझ्याकडं हळदीकुंकवाला येते. यंदा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही मुलगी ऑफिसात आली आणि दार लोटून घेऊन म्हणाली, काल संध्याकाळी रिंगांचे खोके मोजायला त्यानं मला आतल्या गोदामात बोलावलं आणि मागनं धरलं. मी ओरडले तवा सोडलं.

आणि मी तिला काय म्हणाले? म्हणाले, "काल त्याला राखी बांधलीस आणि आज हे काय बोलतेस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्याला बायको-पोरं आहेत. नसतं काहीतरी डोक्यात घेऊन बसू नकोस, जा कामाला."

ती गेली. त्यानंतर ती माझ्याशी हसून बोलली नाही, आणि मी स्वतःची समजूत घातली की सासूचं असेल.

तर आता ती बोर्डापुढं उकिडवी बसली होती, हातात काळं झालेलं फडकं. तिनं पहिल्यापासून वाचायला घेतलं. मोठ्यानं. शाळेत धडा वाचतात तसं, थांबत थांबत. कशाला छळ म्हणायचं ते वाचलं. अंगाला हात लावणं पहिल्याच ओळीत होतं. मग, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत समितीकडे लेखी करावी. मग, लेखी करता येत नसेल तर अध्यक्षांनी ती लिहिण्यासाठी सर्व मदत करावी.

प्रत्येक ओळ मी पहिल्यांदा ऐकत होते. माझ्या कपाटावरची ओळ! मला असं वाटत होतं की हिनं थांबावं, आणि थांबवायची हिंमत नव्हती.

"मंजे मी आले हुते त्ये बरोबर आले हुते," ती म्हणाली. "तुमच्याकडंच यायचं हुतं."

"हो."

"मला वाटलं मी चुकीच्या मानसाकडं आले."

मी खुर्चीत बसले. कर्म माझं! एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतला मी. कोणी पाच मिनिटं उशिरा आलं तर लाल शेरा. आणि ही मुलगी दुसऱ्याच दिवशी, अगदी योग्य दारात येऊन उभी राहिली होती आणि मी ते दार तिच्या तोंडावर आपटलं होतं.

ती बोटांवर मोजत होती. नारळी पौर्णिमा, मग भाद्रपद, मग दसरा, दिवाळी. भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून म्हणाली, "अजून नऊ दिस हायेत."

तेवढ्यात तो आला. सुपरवायझर. बोर्ड लावायचं काम दरवेळी त्याचंच. हातात स्टूल, खिशात पक्कड, तोंडात शीळ. "ताई, द्या इकडं, लावून टाकतो," म्हणत सातव्या बोर्डाला हात घालायला वाकला आणि त्याला ती दिसली. शीळ बंद झाली. त्यानं बोर्डाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. काही विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "मी मागनं येतो," आणि स्टूल तिथंच टाकून गेला. काही केलेलं नसतं ना, तर माणूस म्हणतो, काय झालं? हा म्हणाला नाही.

मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं, माझंही सांगितलं. मालक माणूस वाईट नाही, घाबरट आहे. म्हणाले, "मॅडम, परवा इन्स्पेक्शन होऊ द्या, मग शांतपणे बसवून दोघांना समजावू. घरातल्यासारखी माणसं आहेत."

एरवी हेच मी बोलले असते, अगदी याच शब्दांत. म्हणूनच बहुतेक माझा तोल गेला. "घरातल्यासारखी म्हणूनच झालं ना हे!" मी ओरडले. "आणि समजावणारे तुम्ही-मी कोण? समिती आहे कारखान्यात. तुमच्या सहीनं झालीय."

"माझ्या?"

फाइल काढून समोर ठेवली. समिती नेमल्याचा आदेश, खाली त्यांची लांबलचक सही. ते बघतच राहिले. "मी सही केलीय यावर? हा याच्यात सदस्य आहे?" दोन्ही हात डोक्याला लावून बसले. मला त्यांची कीव आली आणि हसूही आलं, आणि हसू आल्याची लाज वाटली. आम्ही दोघांनी मिळून कायदा अगदी झकास सांभाळला होता, एकही ओरखडा नाही त्याच्यावर.

शेवटी म्हणाले, "करा, काय नियमानं असेल ते करा." मी म्हटलं, "नियमानं पहिलं हे की तो समितीतून आजच बाहेर. आणि नंतर मीसुद्धा."

तुम्ही विचाराल म्हणून सांगून टाकते. समिती नवी झाली. खोपोलीत बायकांसाठी काम करणारी एक बाई बाहेरची सदस्य म्हणून आली, तिनं आम्हाला सगळ्यांना शाळेतल्यासारखं बसवून कायदा शिकवला. चौकशीत मी अध्यक्ष नव्हते, साक्षीदार होते. आणखी दोघी बोलल्या, ज्यांचं मला कधी कळलंही नव्हतं; त्या माझ्याकडं आल्याच नव्हत्या, हिचं काय झालं ते बघून. त्याला काढलं. त्याची बायको आता रस्त्यात दिसली तर मान फिरवते, आणि तिचं काही चुकत नाही. आमची राखीही बंद झाली. राजीनामा तिनं मागून घेतला आणि माझ्यासमोर फाडला. ती आजही फिनिशिंगमध्ये आहे. बोलते, पण माझ्या चष्म्याबद्दल नाही.

पण मला रोज आठवते ती त्या दिवशीची दुपार.

केबिनमधून मी परत आले तेव्हा ती माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसली होती. एवढ्या वर्षांत कामगार बाई त्या खुर्चीत बसलेली मी पाहिली नव्हती, उभंच राहायच्या सगळ्या. मी कोरे कागद पुढं सरकवले. म्हटलं, "लिही. जसं झालं तसं."

"तुमी लिवा," ती म्हणाली.

"अगं, तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे."

"माझा हात नाय चालत ह्ये लिवायला. सकाळी राजीनामा लिवताना चालला, ह्येला नाय. बोर्डावर हाय तसं, अध्यक्षानी मदत करायची."

मी पेन उघडलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. तारीख, वेळ, गोदाम, कोणते खोके, तो कुठं उभा होता, ती कुठं. ती रडली नाही. मध्ये मी पाणी दिलं, तिनं ग्लास हातात धरून ठेवला आणि पुढं सांगितलं. त्याच्या मनगटावर सकाळी बांधलेल्या सगळ्या राख्या होत्या, त्यातली तिची कुठली होती ते तिला दिसत होतं, तेही सांगितलं. मी लिहिलं. माझ्या ओळी वाकड्या जात होत्या.

मग ती म्हणाली, "आता लिवा, दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात जाऊन मॅडमला सांगितलं."

मी तसं लिहिलं.

"मॅडम मंजे कोन, नाव घाला."

मी वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी रागाला ओळखते, माझ्याकडं तो भरपूर आहे. ती नुसती वाट बघत होती. मी माझं नाव लिहिलं.

"मॅडम काय बोलल्या ते लिवा."

क्षणभर मनात आलं, म्हणावं, एवढे महिने झाले, नेमकं कुठं आठवतं मला. आलं मनात, खोटं बोलत नाही. पण मला शब्दन् शब्द आठवत होता. तिनं सांगायच्या आधी मीच लिहायला लागले. काल त्याला राखी बांधलीस आणि आज हे काय बोलतेस. डोकं ठिकाणावर आहे का तुझं. बायको-पोरं. जा कामाला. सगळं, काही न गाळता. लिहिताना दोन टिपं कागदावर पडली आणि शाई पसरली. मी पदरानं टिपायला गेले तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, पुसू नका."

कागद तिच्याकडं फिरवला. तिनं प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचलं, पहिल्यापासून. माझ्या शब्दांवर आली तेव्हा बोट थांबलं. ती ओळ तिनं दोनदा वाचली, ओठ हलवत. मग पेन घेतलं, खाली सही केली आणि म्हणाली,

"बरोबर हाय. असंच बोलला हुता तुमी."